मामा, हीट वाढवू का?

जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर एकच औषध बाळगणाऱ्या माणसांची मला लहानपणापासून धास्ती आहे. आमची आजी एरंडेलवाली होती. पोट दुखलं, एरंडेल. ताप आला, एरंडेल. सहामाहीला मी गणितात नापास झालो तेव्हाही तिने फळीवरच्या बाटलीकडे एकदा पाहिल्याचं मला पक्कं आठवतं. आजी गेली, एरंडेल गेलं, आणि आता सुटलो असं वाटत असतानाच उतारवयात तेच पुन्हा नशिबी आलं. फरक इतकाच, की या खेपेला बाटली भाच्याच्या हातात आहे आणि तिच्यावर ‘हीट’ असं लिहिलेलं आहे.

कराडला आमचं बोर्ड छपाईचं दुकान आहे. वडील पेंटर होते, ब्रशवाले. मी फ्लेक्सवाला झालो. आणि भाचा लॅटेक्सवाला आहे. लॅटेक्स म्हटल्याबरोबर रबराच्या झाडाचा चीक ज्यांच्या डोळ्यांपुढे येतो त्यांनी तो पुसून टाकावा. ही शाई पाण्याची असते. त्यात रंगाचे कण आणि प्लास्टिकच्या जातीचे बारीक बारीक कण तरंगत असतात. मशीन शाई उडवतं, मग गरम हवा मारून पाणी उडवतं, आणि राहिलेले कण एकमेकांत वितळून रंगाला धरून बसतात. एचपीने हा प्रकार २००८ साली बाजारात आणला. यात सॉल्व्हंटचा वास नाही. सॉल्व्हंटच्या छपाईवर लॅमिनेशन करायचं तर दिवसभर ती वाळत टाकावी लागते, ही मशिनातून आली की लगेच करा. मी या शाईचा शत्रू नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझं भांडण माणसांशी आहे.

पांढऱ्या फ्लेक्सवर, पांढऱ्या विनाईलवर हे मशीन इतकं गुणी वागतं, की ऑपरेटरला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. ही हुशारी उतरवायला देवाने दोन पदार्थ निर्माण केले आहेत. एक क्लिअर विनाईल, म्हणजे आरपार दिसणारं. दुसरं रेट्रो, म्हणजे गाडीच्या दिव्यात चमकणारं. या दोहोंपैकी एक रोल मशिनावर चढला, की अर्ध्या तासात आतून हाक येते, “मामा, हीट वाढवू का?”

रंग पसरला, हीट वाढव. रंग फिका, हीट वाढव. रेघा पडल्या, हीट वाढव. एकदा तर मशीन रोल घ्यायलाच तयार नव्हतं, छपाई सुरूदेखील झाली नव्हती, तरी प्रश्न तोच. मी विचारलं, “अरे, हीट कशाची? तुझ्या डोक्याची?”

मशीन रोल घेत नव्हतं त्याचं कारण अगदी साधं होतं. रोलची कड कुठे आहे हे मशीन उजेडाच्या डोळ्याने बघतं. प्रकाश टाकायचा आणि तो किती परत येतो ते पाहायचं, एवढीच त्याची अक्कल. क्लिअर विनाईलमधून तो प्रकाश पार निघून जातो, आणि मशीन पडद्यावर लिहितं, की मीडिया लोड केलेला नाही. समोर पन्नास मीटरचा रोल आणि हे म्हणतंय, काही दिसत नाही! रेट्रोचं उलटं. तो सगळाच्या सगळा उजेड डोळ्यात फेकतो, त्यामुळे मशीन गांगरतं. लग्नातल्या व्हिडिओवाल्याच्या दिव्यापुढे नवरदेव गांगरतो, तसंच. यावर इलाज दोन रुपयांचा आहे. कडेला खालून मास्किंग टेपची पट्टी लावा, रोल हाताने लोड करा, आणि पुढे सरकण्यावर नजर ठेवणारा सेन्सर तेवढ्यापुरता बंद करून सरक हाताने जुळवा. हेड जुळवणं आणि रंगाचं कॅलिब्रेशन ही कामं आधी साध्या पांढऱ्या विनाईलवर उरकून घ्या. यात हीटचा संबंध कुठे आला?

पण ‘हीट वाढवा’ हा आता संप्रदायच झाला आहे. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर याचे वारकरी भेटतील. माझं स्पष्ट म्हणणं आहे, की या लोकांना मशीन कळत नाही असं नाही. मशीन त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना वस्तू कळत नाही. मशिनावर चढणारी प्रत्येक वस्तू म्हणजे पांढरं फ्लेक्सच, अशी त्यांची श्रद्धा आहे.

आता हीटचंच बघा. कागद शाई पितो. फिल्म एक थेंब पीत नाही. जेवढं पाणी वर पडेल तेवढं हवेतच जायला हवं. त्याला दोन गोष्टी लागतात, ऊब आणि वेळ. संप्रदायाला पहिलीच माहीत आहे. वेळ म्हणजे पास वाढवणं, हेड त्याच जागेवरून जास्त वेळा आणि थोडी थोडी शाई टाकत नेणं. सहा पासांत ढगाळ दिसणारा निळा बारा पासांत सपाट होतो, हे मी शंभर वेळा दाखवलं आहे. पण पास वाढवले की वेग उतरतो आणि गिऱ्हाईक काऊंटरवर बोटं वाजवत उभं असतं. हीट वाढवायला एक बटण पुरतं. पास वाढवायला गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणावं लागतं. आपल्याकडे बटणं दाबणारे पुष्कळ, ‘उद्या या’ म्हणणारा एक नाही.

बरं, शाई वाळवायची गरम हवा शंभर अंशांच्या आसपास असते. साधं पीव्हीसी ऐंशीच्या सुमाराला कडकपणा सोडायला लागतं, आणि आपलं विनाईल तर मुद्दाम मऊ केलेलं, ते त्याच्याही आधी ढिलं पडतं. शिवाय दहा कागद एकावर एक ठेवले तर त्यांच्याहून पातळ. तापलं की फिल्म एका अंगाने ताणते, लाइनर दुसऱ्या अंगाने, आणि मधेच बोगदे उठतात. फिल्म उचलली की हेड घासतं. हेड घासलं की रेघ पडते. आणि रेघ पडली की हाक येते, “मामा, हीट वाढवू का?”

हीट कधी वाढवूच नये, असं मी म्हणत नाही. छपाईवर बोट फिरवलं आणि तेलकट लागलं, चिकटपट्टी लावून खेचली आणि रंग तिच्याबरोबर आला, तर शाई कच्ची आहे. मग आधी शाई थोडी कमी करा, वेग कमी करा, आणि त्याउपर हीट पाच अंशांनी वाढवून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. भाचा पाच गोष्टी एकदम बदलतो. काम जमलं तर कशाने जमलं ते कळत नाही, बिघडलं तर कशाने बिघडलं तेही नाही. आमच्या आजीचं एरंडेल निदान एका वेळी एकच असायचं.

आता पेढ्याची गोष्ट. गावातल्या एका मिठाईवाल्याने काचेच्या दारासाठी काम दिलं. क्लिअर विनाईल, वर पेढ्यांचं ताट आणि ‘रोज ताजे’ अशी अक्षरं. भाच्याने छापलं. टेबलावर, पांढऱ्या लाइनरवर होतं तोवर पेढे असे दिसत होते, की मी मधुमेही असूनही हात पुढे केला. दारावर लावलं आणि पेढे गायब! म्हणजे होते, पण त्यांच्यातून समोरची दातांच्या डॉक्टरची पाटी दिसत होती. पेढा, त्यावर केशर, आणि आत ‘कवळी बसवून मिळेल’. मिठाईवाले शेठ काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले, ते जास्त लागलं.

“रंग फिका पडलाय मामा, डेन्सिटी वाढवतो आणि त्याला हीट...”

“थांब,” मी म्हटलं.

पण तो थांबला नव्हता. डेन्सिटी वाढवून, हीट वाढवून दुसरी प्रत त्याने आधीच काढली होती. त्या प्रतीत शाईची थारोळी झाली होती आणि कडा पापडासारख्या वर आल्या होत्या. शिवाय रोल कागदी लाइनरचा. कागदाचा खरबरीतपणा गोंदात उतरतो आणि काचेवर लावल्यावर क्लिअर फिल्म दुधी दिसते. काचेच्या कामाला गुळगुळीत प्लास्टिक लाइनरचा रोल घ्यावा हे मला ठाऊक होतं. तो महाग पडतो हेही ठाऊक होतं. इथे भाच्याचा दोष नाही, रोल मी आणला होता.

तेव्हा मला अण्णा, आमचे वडील आठवले. दुकानांच्या काचा ते आतून रंगवायचे. अक्षरं उलटी लिहायची, आधी रंगीत, ती वाळली की त्यांच्या पाठीवर पांढऱ्याचा हात. मी लहानपणी विचारलं होतं, पांढरा कशाला? तर म्हणाले, “रंगाला पाठ लागते. पाठ नसेल तर आरपार जातं.” चौथी शिकलेला माणूस. आज ज्याला ‘स्पॉट व्हाइटचा थर’ म्हणतात तो हाच. लॅटेक्सात पांढरी शाई आली २०१८ साली, मोठ्या टेबलाच्या मशिनांत, आणि रोलच्या मशिनांत २०२१ साली. आमच्या मशिनात ती आहे. पण पांढरा म्हणजे टायटॅनियमचा जड रंग, ठेवला की तळाला बसतो, सारखा घोळत ठेवावा लागतो, आणि महाग. म्हणून आम्ही तो बंद करून ठेवला होता. हेही मीच.

मग रीतसर केलं. काम काचेच्या आतून लावायचं, म्हणून चित्र उलटं. आधी रंग, वर पांढरा. पेढे बसले. डॉक्टरांची पाटी गेली. शेठने अर्धा किलो पाठवले, ते भाच्याने खाल्ले. त्याला साक्षात्कार झाला होता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुकानात एरंडेलाची बाटली बदलली. आता कशालाही, “मामा, पांढरा टाकू का?”

इथवर ऐकून तुम्ही हसला असाल तर हरकत नाही, मीही हसत होतो.

त्यानंतर कुंभार्ली घाटाच्या बाजूला असलेल्या एका गावातून सरपंच आले. गावाबाहेर रस्ता एकदम काटकोनात वळतो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ओढा. तिथे ‘पुढे धोक्याचे वळण’ असा फलक हवा होता, रात्री चमकणारा. लाल काठाचा पांढरा त्रिकोण, आत काळं वळण, खाली अक्षरं. सरपंचांनी खालच्या कोपऱ्यात आपला फोटो घालता येईल का असं अगदी बारीक आवाजात विचारलं. मी त्याहून बारीक आवाजात नाही म्हटलं. एवढं एक मी बरोबर केलं.

भाच्याने रेट्रो चढवला. रेट्रोचा मूळ रंग दिवसा करडा पांढरा असतो, चित्र जरा मळकट दिसतं. भाचा म्हणाला, “मामा, खाली पांढरा टाकू का?” आणि मी हातातला पेपर खाली न ठेवता म्हणालो, “टाक.” ट्यूबलाईटखाली फलक असा झळकला, की सरपंचांनी त्याचा मोबाईलवर फोटो काढला. मी पैसे घेतले.

रेट्रो चमकतो कशाने? त्याच्या पोटात काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात, भारी जातीत मण्यांऐवजी बारीक लोलक. गाडीचा उजेड आत शिरतो, मागे आपटतो, आणि आला त्याच वाटेने परत गाडीकडे येतो. मांजराचे डोळे रात्री चमकतात तोच न्याय. म्हणजे उजेडाला दोनदा वाट पाहिजे, जाताना आणि येताना. वर लावलेला रंग हा रंगीत काचेसारखा असायला हवा, म्हणून त्यावर शाई हलकीच ठेवायची. लालाचा थर जाड झाला की रात्री तो काळा दिसतो. चॉकलेटी, गडद निळा, हे रात्री मेल्यासारखेच. पांढरी जागा पांढरी छापायची नसते, ती मोकळी सोडायची असते. रेट्रोचा पांढरा म्हणजे न छापलेला रेट्रो! आणि आम्ही त्यावर पांढऱ्या शाईची भिंत बांधली होती. क्लिअरवर उजेड अडवायचा म्हणून जी भिंत लागते, तीच इथे घातली. चांगल्या भावाचा पन्ना घेतला आणि त्याचं कॅलेंडरच्या मागचं पुठ्ठं केलं.

सरकारी रस्त्यांच्या फलकांना इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ६७ ही संहिता आहे, कोणत्या जातीचा पन्ना, किती चमक, सगळं लिहिलेलं. पन्ना बनवणारे आपल्या पन्न्यावर कोणती शाई चालेल ते छापून देतात. गावच्या रस्त्यावरच्या फलकाला कोण विचारतो, म्हणून आम्ही यातलं काही उघडून बघितलं नाही. पण मोटारसायकलचा दिवा काही हा रस्ता गावचा का सरकारचा असं विचारून पडत नाही.

तीन आठवड्यांनी सरपंच पुन्हा आले. या वेळी चहाही घेतला नाही. डेअरीला दूध घालून परत येणारा एक पोरगा रात्री वळण चुकून सरळ उसात गेला होता. हात मोडला. ऊस उभा होता म्हणून हातावर निभावलं. दुसऱ्या बाजूने येत असता तर ओढा होता.

“फलक होता की,” मी म्हणालो. म्हणजे तोंडातून निघून गेलं.

“दिवसा आहे मालक,” सरपंच म्हणाले. “दिवसा वळण आम्हाला फलकाशिवायबी दिसतंय.”

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी तेव्हापासून दुकानात भांडतोय, आणि धंद्यातली चार माणसं भेटली की त्यांच्याशीही भांडतोय. आपण काम तपासतो कुठे? ट्यूबलाईटखाली, टेबलावर, पांढऱ्या लाइनरसकट. काचेचं काम काचेवर कोण बघतो? रेट्रो रात्री कोण बघतो? त्याला यंत्र लागत नाही. दुकानाचे दिवे घालवा, दहा-पंधरा पावलं लांब जा, बॅटरी डोळ्याच्या शेजारी कानशिलाला लावून धरा. कंबरेपाशी धरलीत तर कळणार नाही, कारण उजेड जिथून निघाला तिथेच परत येतो, डोळा त्याच्या वाटेत पाहिजे. शेजारी कोऱ्या रेट्रोचा तुकडा चिकटवा. छापलेला त्रिकोण त्या तुकड्यासारखा पेटला तर द्या, नाही तर फाडा. सगळा खेळ पाच मिनिटांचा.

यावर मला मिळालेली उत्तरं ऐका. एक म्हणाला, “गिऱ्हाईक दिवसा येतं.” दुसरा म्हणाला, “रोलवाला म्हणाला होता, लॅटेक्सला चालतो.” चालतो! शाई त्यावर चिकटते, एवढाच त्या ‘चालतो’चा अर्थ. घोडाही डांबरी रस्त्यावर चालतो, म्हणून त्याला कोणी डिझेल पाजत नाही. तिसरा, जरा शिकलेला, म्हणाला, “प्रोफाईल चुकीचा असेल.” असेल. क्लिअरला, रेट्रोला वेगळा प्रोफाईल हवाच, कमी शाईचा, जास्त पासांचा. पण रात्री अंधारात उभं राहायला कोणता प्रोफाईल लागतो ते त्याने सांगितलं नाही. चौथ्याने मशिनालाच शिव्या दिल्या. मशिनाने बिचाऱ्याने सांगितलं ते सगळं केलं होतं. पांढरा टाक म्हटलं, टाकला.

नवा फलक आम्ही फुकट केला, ते सांगायची गोष्ट नव्हे. भाच्याने पांढऱ्याचा थर काढला. त्रिकोणाचं पोट कोरं सोडलं, काळं वळण प्लॉटरवर काळ्या विनाईलमधून कापून लावलं, आणि लाल काठाला शाई निम्म्याने कमी केली. पहिला काठ दिवसा भगवा दिसत होता, म्हणून शाई थोडी चढवली. पुन्हा छापला, पुन्हा दिवे घालवले. असे चार तुकडे झाले. दर वेळी एकच गोष्ट बदलली, आणि काय बदललं ते त्याने तुकड्याच्या मागे पेन्सिलने लिहिलं. हे लिहिणं त्याचं त्याला सुचलं, मी सांगितलं नव्हतं. हीटला त्याने हात लावला नाही. एकदा लावणार होता, मी बघतोय हे बघून खिशात घातला.

फलक बसवल्या रात्री आम्ही दोघं मोटारसायकलवरून गेलो. भाचा चालवत होता. वळणाच्या बऱ्याच आधी दिव्याचा झोत वर गेला आणि अंधारात तो त्रिकोण एकदम जागा झाला, लाल काठ, पांढरं पोट, काळं वळण. भाच्याने वेग कमी केला. मग वळून मागे गेलो आणि पुन्हा आलो. मग आणखी एकदा. उसाच्या बांधावर एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, “काय हरवलंय का पाव्हणं?”

कोपऱ्यावरच्या टपरीत चहा घ्यायला थांबलो. पोऱ्याने दोन कप आणून ठेवले. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. भाच्यानेही घेतला, खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं.

“मामा,” तो म्हणाला, “हे मात्र खरंच गार आहे. सांगू का त्याला?”